थेंबभर आहे, पण आहे

ब्लाऊजचं माप देताना बहुतेक बायका पोट आत ओढून घेतात. लताबाई गायधनी पहिल्यांदा माझ्याकडे आल्या, तेव्हा पोट होतं तसं ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आहे तेवढंच माप घ्या हं. उगाच बारीक शिवाल आणि मलाच उसवत बसावं लागेल." ही एक्क्याण्णव-ब्याण्णव सालची गोष्ट. त्या दिवसापासून आमचं जमलं. पंचवटी कारंजाच्या मागे एकाच इमारतीत आम्ही राहायचो, त्या वर, मी खाली. माझं शिलाई मशीन पुढच्या खोलीत आणि दार दिवसभर उघडं, त्यामुळे अर्ध्या पंचवटीच्या बातम्या माझ्याकडे आपल्या पायांनी चालत येतात. माप देताना बाईचे हात वर असतात आणि तोंड मोकळं असतं, मग ती बोलणारच.

लताबाई श्राद्धाचा स्वयंपाक करायच्या. सोवळ्यात. म्हणजे अंघोळ करून, वेगळी वाळवलेली साडी नेसून, कुणाला न शिवता. तांदळाची खीर, वडे, कढी, लाल भोपळा, कारलं, गवार, आमसुलाची चटणी, सगळं एकटीने, आणि गुरुजी पाटावर बसायच्या आत तयार. नाशिकात बारा महिने कुणाचं ना कुणाचं श्राद्ध असतंच, आणि भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात तर एका लताबाईला चार घरं ओढायची. आधी जुन्या नाशकातली आणि पंचवटीतली घरं होती. पुढे तीच माणसं गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन गेली, आणि जाताना लताबाईंनाही घेऊन गेली.

या कामाला एकच अट. बाईला अडचण नको. अडचण म्हणजे पाळी. आमच्या लहानपणी 'कावळा शिवला' म्हणायचे. कावळे गेले, अडचण राहिली. मला विचाराल तर या सोवळ्या-ओवळ्यात मला काडीचा रस नाही. मी नांदगावची शिंप्याची पोर, आमच्या घरी आईला बाजूला बसवलं असतं तर मशीन कुणी चालवलं असतं? पण लताबाईंचा त्यावर विश्वास होता आणि पोटही त्यावरच होतं. त्यांचे मिस्टर, सुनीलराव, सातपूरला एका कारखान्यात होते. तो कारखाना वर्षातून चार वेळा बंद पडायचा आणि पाचव्यांदा संप व्हायचा.

स्वयंपाक बऱ्याच जणी करतात. लताबाईंचं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. चौऱ्याण्णव साली थेट्यांच्या घरी श्राद्ध होतं. स्वयंपाक झालेला, पानं मांडलेली, गुरुजींनी संकल्प सोडायला पळी हातात घेतलेली. आणि लताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी अडचण झाली. सगळं टाकून द्या." थेट्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. मग त्यांच्या सुनेने, म्हणजे आताच्या थेटेकाकूंनी, भर दुपारी डोक्यावरून पाणी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सगळा स्वयंपाक केला. पुरुषमंडळी चार वाजता जेवली. त्या घरात महिनाभर लताबाईंच्या नावाने बोटं मोडली गेली. पण वर्षाने श्राद्धाला पुन्हा बोलावणं आलं ते लताबाईंनाच. म्हातारी म्हणाली होती म्हणे, "जी स्वतःहून सांगते, तिच्या हातचं निर्धास्त जेवावं." हे वाक्य गावभर झालं. लताबाईंना घरंही मिळाली ती त्या वाक्यावर, भोपळ्याच्या भाजीवर नव्हे.

आता असं बघा, ज्या बाईची अडचण हा तिच्या कामाचा भाग आहे, तिचं अंगच बिघडलं तर काय होतं?

धाकटा अमित झाल्यावर लताबाईंनी सरकारी दवाखान्यात तांबी बसवून घेतली होती. पाळणा थांबला, पण अंगावरून इतकं जायला लागलं की शेवटी ती काढून टाकली. काढली आणि वर्षाच्या आत दिवस गेले. तिसरं मूल त्यांना परवडणारं नव्हतं आणि अंगात रक्तही नव्हतं. त्या गेल्या, पिशवी खाली करून घेऊन आल्या, आणि आल्यावर तीन दिवस माझ्याकडे झोपल्या, कारण घरी "पोट बिघडलंय" एवढंच सांगितलं होतं. त्या तीन दिवसांत त्या रडल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "सरिताताई, हे परत नको हो. काहीही होऊ दे, हे परत नको."

त्यानंतर त्यांचं दर महिन्याचं चक्र मी डोळ्यांनी पाहिलं. पाळी यायच्या आधी धाकधूक, की येते का नाही. आली की पहिल्या दिवशी सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग ती जायचं नाव घ्यायची नाही. आठ दिवस, दहा दिवस. जिने चढताना मध्येच बसायच्या. ओठ पांढरे. दोन हजार तीनच्या पितृपंधरवड्यात तर बहुतेक सगळे दिवस अडचणीतच गेले आणि एकामागून एक घरं त्यांनी स्वतः जाऊन नाकारली. नवऱ्याने ऑपरेशन करून घ्यावं, असं मी एकदा त्यांच्यादेखत सुनीलरावांना सुचवून पाहिलं. ते इतक्या घाईने चपला घालून बाहेर पडले की डावी-उजवीचाही घोटाळा झाला. जवळच्या एका डॉक्टरने पिशवीच काढून टाका म्हणून सांगितलं. भाजीतली गवार निवडून टाकावी तसं.

गंगापूर रोडला डॉक्टर मोहिनीबाईंचा दवाखाना आहे. त्यांचे ब्लाऊज मी शिवते. मी लताबाईंना हाताला धरून तिथे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त काढलं. रक्ताचा आकडा बघून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही चालत आलात?"

पिशवीत गाठ वगैरे काही नव्हती. मग त्यांनी सांगितलं, की आता एक नवी तांबी आली आहे. नाव तांबी, पण तिच्यात तांबं नाही, हार्मोनचं औषध आहे. पिशवीत बसते आणि रोज थोडं थोडं औषध सोडते. पाच वर्षं चालते. मूल राहण्याची भीती जवळपास नाही, आणि अंगावरून जाणंही कमी होईल.

"कमी म्हणजे किती?" लताबाईंनी विचारलं.

"बरंच कमी. काही जणींची पाळी थांबतेच. पण ते नंतर. आधी तीन ते सहा महिने उलटं होईल. मध्येच डाग, मध्येच थेंब, कधीही. त्याला घाबरायचं नाही. बायका नेमक्या तेव्हाच कंटाळतात आणि काढा म्हणून येतात."

महाग होती. लताबाईंनी सुनीलरावांना कसं पटवलं ते मला माहीत नाही. एवढंच कळलं, की ते म्हणाले, "कर काय करायचं ते, पण घरातलं घरात राहू दे." चार सालच्या दिवाळीनंतर ती बसवली.

आणि डॉक्टरीणबाई बोलल्या तस्संच झालं. आज डाग, परवा कोरडं, तेरवा पुन्हा थेंब. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, चला, निदान पूर तरी ओसरला. पण लताबाईंपुढे प्रश्न वेगळाच. थेंब म्हणजे अडचण, की नाही? मी म्हटलं, "लताबाई, एवढ्याशाला कोण अडचण म्हणतं?" त्या म्हणाल्या, "एवढंसं म्हणजे किती, ते कोण ठरवणार?" मग त्या विचारायला गेल्या, थेट एका वृद्ध गुरुजींकडे. गुरुजींनी पंचांग उघडलं, मिटलं, उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मनाला काय वाटतं?" लताबाईंच्या मनाला वाटलं, की थेंब म्हणजे अडचणच. झालं! तो अख्खा हिवाळा त्या घरात बसल्या. ज्या दिवशी काम घ्यावं त्याच्या आदल्या दिवशी डाग. घरं चिडायला लागली. रागाने एकदा त्या मला म्हणाल्या, "पूर्वी महिन्याचे वीस दिवस तरी माझे होते. आता एकही माझा नाही. चला, काढून टाकू." आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोरा तपासला, सगळं जागेवर होतं. म्हणाल्या, "लताबाई, अजून दोन महिने द्या मला. मग तुम्ही सांगाल ते करीन."

होळी झाली आणि डाग थांबले. पुढच्या महिन्यात पाळीची तारीख आली आणि गेली. काहीच नाही.

तर बाई खूश व्हायची का नाही? दुपारी जिना उतरून माझ्याकडे आल्या त्या भिंतीला धरून. "सरिताताई, मला दिवस गेलेत." चेहरा असा, की मी पायाखालचं मशीन थांबवलं. "डॉक्टर सांगत होत्या ना, थांबेल म्हणून?" मी म्हटलं. "सांगत होत्या. पण त्या वेळीही असंच नव्हतं का झालं? आधी तांबी, मग पाळी चुकली, मग..." त्यांच्या डोक्यात पहिली तांबी, ती काढलेली आणि मग राहिलेलं, सगळ्याचा काला झाला होता. मीच मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली. मेडिकलवाला माझ्याकडे वरून खाली बघत राहिला, तेव्हा मी चांगली बेचाळीस वर्षांची होते. एकच रेघ आली. दिवस गेले नव्हते. लताबाई न्हाणीघराच्या दारात खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. त्या तीन दिवसांचं राहिलेलं रडणं ते. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

पुढच्या महिन्यात पुन्हा पट्टी. त्याच्या पुढच्या महिन्यात मी म्हटलं, आता मेडिकलवाला माझ्याकडे बारसं जेवायला येईल, चला डॉक्टरीणबाईंकडे. तिथे लताबाईंनी मनातलं विचारलं, "ते रक्त जातं कुठे मग? आतच साठतंय का? डोक्यात चढलं तर?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, मला ते आवडलं. त्या म्हणाल्या, "दूध तापवलंच नाही तर साय कुठून येणार? दर महिन्याला पिशवीला आतून जाड अस्तर येतं आणि तेच पाळीत पडून जातं. या औषधाने ते अस्तर जाड होतच नाही. मग पडायला काही नाही आणि साठायलाही काही नाही. शंका आली तर तपासून घ्या, दोरा बघायला येत जा. पण दर महिन्याला मरू नका." अस्तराचं मला लगेच कळलं, सायीचं लताबाईंना. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी महिन्यातून दोनदा भीत होते, सरिताताई. येण्याआधी आणि आल्यावर."

पाच सालच्या पितृपंधरवड्यात लताबाईंनी एकही दिवस सोडला नाही. गालांवर रंग आला होता. दोन-दोन जिने न थांबता चढायच्या. लोहाच्या गोळ्या संपल्या. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण बायका मोजत असतात.

मला पहिल्यांदा सुगावा लागला तो एका बाईच्या बाहीचं माप घेताना. "लताबाईंना काही विशेष आहे का हो? गाल वर आलेत." म्हणजे चाळिशीत पाळणा! मी हसून उडवून लावलं. पोट काही पुढे येईना, तेव्हा दुसरं निघालं, की त्यांची पाळी गेली असेल. ही समजूत बरी होती, दुसरीने ती तशीच राहू दिली असती. पण एका घरी कुणीतरी तोंडावर विचारलं, "गेली का हो तुमची?" आणि आमच्या सत्यवादी बाई म्हणाल्या, "गेली नाही. सध्या येत नाही." आता या उत्तराचा कोण काय अर्थ घेणार? ऐकणारीने घेतला तोच, की येते आणि लपवते. पोट भरायचंय, मुलीचं कॉलेज आहे, नवऱ्याच्या कामाचा भरवसा नाही, मग अडचण कशाला सांगेल? आणि तिच्या हातचे पिंड आमच्या वाडवडिलांना.

हे बोलण्यात पुढे होत्या थेटेकाकू. त्याच, ज्यांनी चौऱ्याण्णव साली भर दुपारी दुसरा स्वयंपाक केला होता. मला म्हणाल्या, "तेव्हाची लताबाई वेगळी होती हो. गरज माणसाला शिकवते." मी टाचणी तोंडात धरली होती म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलून गिऱ्हाईक घालवलं असतं. त्या वर्षअखेर लताबाईंची तीन-चार घरं सुटली. कुणी कारण सांगितलं नाही. "यंदा सुनेला शिकवायचंय," एवढंच.

मी लताबाईंना सरळ उपाय सांगितला. "दर महिन्याला चार दिवस खोटंच बाहेर बसा. म्हणा, अडचण आहे. कुणाच्या बापाचं काय जातं? तुम्हालाही विश्रांती." माझ्या मते याच्याइतका शहाणा सल्ला त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या जणू मी त्यांच्या खिरीत मीठ टाकलं. म्हणाल्या, "जे होतं ते कधी लपवलं नाही. आता जे नाही ते आहे म्हणून सांगू?"

"मग खरं सांगा. तांबीचं सांगा."

"ते कसं सांगू? ते नवराबायकोतलं आहे. आणि यांनी सांगितलंय, घरातलं घरात."

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहून द्यायला तयार होत्या. त्यालाही लताबाई नाही म्हणाल्या. शब्दावर विश्वास नसलेला माणूस चिठ्ठीवर काय ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा इतका राग आला की आठवडाभर मी वर गेले नाही. स्वतःचं नाव डोळ्यांदेखत पुसलं जातंय आणि ही बाई तत्त्वं धरून बसलीय.

सहा सालच्या उन्हाळ्यात थेट्यांकडे वार्षिक श्राद्ध आलं. बोलावणं थेटेकाकांनी पाठवलं, काकूंनी नव्हे. थेटेकाका अबोल माणूस. लताबाई सकाळी गेल्या, सोवळ्याची पिशवी हातात. दारातच काकूंनी अडवलं. हॉलमध्ये काका, दोन दीर आणि गुरुजी बसलेले. काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लताबाई, राग मानू नका, पण घरात पितरांचं काम आहे. तुम्हाला शेवटची अडचण कधी आली?"

त्या दिवशी संध्याकाळी लताबाईंनी मला हे सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "सरिताताई, माझ्या कानांत वाफ गेल्यासारखं झालं. वाटलं, उलट्या पावली निघावं. पण निघाले असते तर ते खरंच ठरलं असतं." म्हणून त्या निघाल्या नाहीत. चौऱ्याण्णव साली उंबऱ्यात उभ्या राहून बोलल्या होत्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी होळीला शेवटचा डाग दिसला. त्यानंतर नाही. मी पिशवीत औषधाची तांबी बसवली आहे. मूल होऊ नये म्हणून आणि अंगावरून जाऊ नये म्हणून. तिने पाळी थांबते. डॉक्टरांनी सांगितलंय."

दोघे दीर छताच्या पंख्याकडे बघायला लागले. गुरुजींना दर्भाच्या काड्या मोजायचं एकदम आठवलं. काकू मात्र हटल्या नाहीत. "म्हणजे अंगात असलं परकं काहीतरी घेऊन तुम्ही सोवळ्यात शिरता?"

तेव्हा थेटेकाकांनी छातीवर डाव्या बाजूला हात ठेवला. तिथे कातडीखाली त्यांच्या हृदयाला टोले देणारं मशीन होतं, दोन वर्षांपूर्वी मुंबईत बसवलेलं. "परकं तर माझ्यातही आहे," ते म्हणाले. "मग पिंडाला मी हात लावू, की उठू पाटावरून?"

लताबाईंनी स्वयंपाक केला. सगळे जेवले. पण काकूंनी खिरीला बोट लावलं आणि वाटी बाजूला सारली, हे लताबाईंनी पाहिलं. नवऱ्याने तोंड बंद केलं म्हणून बाईचं मन थोडंच बंद होतं! गावात आता तांबीचंही झालं. सुनीलराव दोन दिवस घरात बोलले नाहीत. बायका माझ्याकडे येऊन हळूच विचारून जात, "ते लताबाईंचं कुठे बसवतात हो? दुखतं का?" आणि त्याच बायका बाहेर म्हणत, "कोण जाणे बाई, खरंच थांबते का. सांगायला काय जातं." दुखणं बरं करून हवं, पण बाईवर विश्वास नको. काही घरं राहिली, काही सुटली. लताबाईंनी उरलेल्या घरांत स्वयंपाक केला आणि पुन्हा कुणाला काही समजावलं नाही.

यापुढचं मला लताबाईंनी सांगितलेलं नाही. थेटेकाकूंनी सांगितलं, सात सालच्या जूनमध्ये, माझ्याकडे माप द्यायला आल्या तेव्हा. माप घेऊन झालं तरी त्या उठेनात. मग पदराशी चाळा करत बोलायला लागल्या.

आदल्या आठवड्यात त्यांच्याकडे तेच वार्षिक श्राद्ध झालं होतं. पुण्याहून नणंदा आल्या होत्या, पंचवीस पान होतं. वडे तळून झाले होते, खीर उतरवली होती, गुरुजी पाटावर बसले होते. लताबाई मधेच मोरीकडे गेल्या आणि परत आल्या त्या स्वयंपाकघरात शिरल्याच नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून त्यांनी काकूंना खुणेने बोलावलं.

"काकू, मला डाग दिसलाय. थेंबभर आहे, पण आहे. सगळं टाकावं लागेल."

काकू म्हणाल्या, "सरिताताई, दोन वर्षांत एकदाही नाही, आणि आज? मी आत बघितलं. इतकं अन्न. बाहेर नणंदा, भुकेलेली पोरं, हे आपले मशीन घेऊन उपाशी बसलेले. मी त्यांचा हात धरला. सोवळ्याचंही भान राहिलं नाही मला. म्हटलं, लताबाई, थेंबच तर आहे. राहू द्या. आता सगळ्यांना माहितीच आहे, की तुम्हाला येत नाही. कुणाला कळणार आहे?"

मी टेप गुंडाळत होते, ती तशीच हातात राहिली. "मग?"

"मग काय." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "त्या म्हणाल्या, 'काकू, तुम्हाला कळलंय ना आता.' बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मी डोक्यावरून पाणी घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून स्वयंपाकाला लागले. त्या पायरीवरून सांगत होत्या, गूळ किती, मीठ किती, मी घालत होते."

लताबाई दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या होत्या. दोरा जागेवर, पट्टीवर एकच रेघ. असा एखादा थेंब कधीतरी दिसू शकतो, घाबरायचं कारण नाही, असं त्यांना सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की तपासायला गेले होते, सगळं ठीक आहे. थेट्यांकडच्या प्रकाराबद्दल अवाक्षर नाही. नाहीतर मी तेव्हाच त्यांना वेड्यात काढलं असतं.

थेटेकाकू उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "सासूबाई सांगायच्या ना, जी स्वतःहून सांगते तिच्या हातचं निर्धास्त जेवावं. मी ते वाक्य लोकांना सांगत फिरले इतकी वर्षं. आणि गेल्या वर्षी दारात उभं करून विचारलंही मीच, आणि लपवा म्हणालेही मीच." मग त्या रस्त्याकडे न जाता जिन्याकडे वळल्या आणि वर लताबाईंकडे गेल्या. मी मशीन बंद केलं आणि ऐकत बसले, पण वर दार लागलं होतं.

भाद्रपदात लताबाईंना सगळी घरं परत मिळाली. पहिलं बोलावणं थेट्यांचं होतं.